चादरीवरची सलामी

क्लबच्या बोधचिन्हाचा अर्थ सांगावा तर तो तोफेनेच, हे साऱ्या जगाला मान्य होतं. साऱ्या जगाला म्हणजे तोफेला. बाकीचं जग अजून झोपेत होतं, पण त्याला उठवायचं कामही तिने अंगावर घेतलं होतंच!

तोफ हे नाव तिला नुकतंच मिळालं होतं. त्याआधी सगळे तिला कुजबूज म्हणायचे. वर्गात हजेरीला ती 'हजर' असं इतक्या हळू म्हणायची की बाई तिच्या डोळ्यांदेखत तिची गैरहजेरी मांडायच्या, आणि बाईंना सांगणार कसं म्हणून ही गप्प बसायची. शेवटी आईने तिला मार्शल आर्ट्सच्या क्लबात नेऊन घातलं. तिथे प्रत्येक ठोशाबरोबर ओरडावं लागतं. सुरुवातीला तिच्या गळ्यातून मांजराला शिंक यावी तसं काहीतरी निघायचं. मग एका संध्याकाळी, का कोण जाणे, तिच्या पोटातून असा आवाज आला की शेजारचा चष्मेवाला काय कोसळलं ते बघायला दुकान सोडून धावत आला. त्या दिवसापासून ती तोफ. आणि तोफेला एकदा बत्ती लागली की ती मध्येच थांबत नाही.

क्लब म्हणजे एक जुनं गोदाम. पुढे फरशी घातलेलं अंगण, आत एका भिंतभर आरसा, आणि फाटकावर पत्र्याची पाटी. पाटीवरचं बोधचिन्ह ऊनपावसाने इतकं गेलं होतं की एका हाताचा पंजा आणि एक बटाटा एवढंच ओळखू यायचं. तो बटाटा म्हणजे खरं तर मूठ होती. उजव्या हाताची मूठ आणि तिच्यावर टेकलेला डावा पंजा, अशी या क्लबाची सलामी. मूठ म्हणजे ताकद, पंजा म्हणजे शहाणपण, आणि ताकदीवर शहाणपणाने हात ठेवला आहे, म्हणजे 'मी तुमचा मान राखतो'. तेच बोधचिन्ह प्रत्येकाच्या गणवेशावर छातीशी शिवलेलं असायचं.

पण हात उलटे झाले, डावी मूठ आणि वर उजवा पंजा असं झालं, तर त्याच सलामीचा अर्थ होतो, 'ये, बघून घेतो तुला!' आणि असं आव्हान एकदा दिलं की ते परत घेता येत नाही, हा सरांच्या गुरूंनी घालून दिलेला नियम. म्हणून सर नव्या पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावायचे. सर समोर उभे राहून शिकवतात, तेव्हा बाकी सगळं आरशासारखं करायचं. सरांचा डावा पाय पुढे, तर तुमचा उजवा. फक्त सलामी आरशासारखी करायची नाही. सलामीला सगळ्यांचा उजवा तो उजवाच.

तोफेला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. आणि म्हणूनच पुढे जे झालं ते सांगताना हसू आवरत नाही.

क्लबाचा वर्धापनदिन आला होता. सरांचा गुडघा हल्ली कुरकुरायचा, आणि छोट्यांचा वर्ग घ्यायला त्यांना मदतनीस हवा होता. त्यांनी जाहीर केलं, की वर्धापनदिनाला जो बोधचिन्हाचा अर्थ नीट उलगडून सांगेल, त्याच्या हाती छोट्यांचा वर्ग. बाकीची मुलं एकमेकांकडे बघेपर्यंत तोफेचा हात वर गेला होता. भाषण तर तिने मागितलंच, वर बोधचिन्हाचं नवं भलंमोठं चित्र काढून ते अंगणात टांगायचं कामही मागून घेतलं. तिला तो वर्ग हवाच होता. त्या रांगेत एखादी कुजबूज उभी असणार, हे तिला माहीत होतं, आणि त्या पोरीला ओरडायला आपणच शिकवायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

सर चित्राला लगेच हो म्हणाले, कारण त्यांच्या डोक्यात वेगळंच चालू होतं. पाहुणे म्हणून येणार होते मोठे सर. मोठे सर आणि आपले सर एकाच गुरूंच्या हाताखाली वाढलेले, सख्ख्या भावांसारखे. गुरू गेले, आणि त्यांची सराव करायची वाळूची पिशवी कोणाकडे राहायची, यावरून दोघांत असा खटका उडाला की मोठे सर पिशवी खांद्यावर टाकून निघून गेले, ते गेलेच. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी आपला वेगळा क्लब काढला. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांशी अवाक्षर काढलं नव्हतं. यंदा सरांनी मन घट्ट करून निमंत्रण धाडलं, आणि मोठ्या सरांकडून 'येतो' असा निरोप आला. सर तेव्हापासून दिवसातून कितीदा तरी मिशी विंचरत होते.

चित्रासाठी तोफेने आईकडे कापड मागितलं. आई औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून आलेली. तिने कपाटातून डबलबेडची एक पांढरी चादर काढून दिली आणि सांगितलं, ही इतकी विरली आहे की आरपार दिसतं, रंग मागे उमटला तर माझ्या नावाने ओरडायचं नाही. तोफ म्हणाली, मागून कोण बघतंय!

आता बोधचिन्ह कशावरून बघून काढायचं? पाटीवर तर बटाटा. छातीवरचं बघावं तर मान खाली घातली की ते डोक्यावर उभं दिसतं. गणवेश काढून समोर ठेवावा, हे कोणालाही सुचलं असतं. पण तोफ 'कोणी' नव्हती. तिने गोदामात चादर जमिनीवर पसरली, गणवेश चढवला, आणि आरशासमोर ताठ उभी राहिली. आरशात बोधचिन्ह काय झकास दिसत होतं! बघायचं आणि काढायचं, बघायचं आणि काढायचं. वर्षभर आरशात बघूनच तर ती सगळं शिकली होती.

रंग कालवायला पेन्सिल होती. पेन्सिल म्हणजे छोट्यांच्या वर्गातलं सगळ्यात बारीक पोर, पट्टा कमरेला दोन वेढे देऊनही गुडघ्यापर्यंत लोंबायचा. तिने चादरीभोवती एक फेरी मारली, स्वतःचे हात सलामीसारखे जुळवून पाहिले, आणि म्हणाली, "ताई, यातला अंगठा मला चुकल्यासारखा वाटतो."

"पेन्सिलबाई, आधी स्वतःची सलामी नीट करा. मग अंगठे तपासा."

पेन्सिल पुन्हा रंग कालवायला बसली. तोफेने तरीही खात्री करून घेतली, ती काय कच्च्या गुरूची चेली होती? तिने चादरीकडे पाहिलं, आरशातल्या आपल्या छातीकडे पाहिलं. तंतोतंत!

मग सरांना दाखवायचं ठरलं. सर आरशापुढे मिशी विंचरत होते. तोफ आणि पेन्सिल स्टुलांवर चढल्या आणि त्यांच्या पाठीमागे चादर धरून उभ्या राहिल्या. सरांनी वळायचा त्रास घेतला नाही. आरशातच पाहिलं, आणि उलटं झालेलं चित्र आरशाने पुन्हा सुलटं करून त्यांना दाखवलं. सरांचे डोळे भरून आले. गुरूंच्या वेळची पाटी अगदी अशीच होती, म्हणाले. तोफेला तर आता पाय जमिनीवर टेकवायचीही गरज वाटेना. घरी नेऊन तिने बोधचिन्हाखाली टपोऱ्या अक्षरांत क्लबाचं नाव लिहिलं. ते लिहायला काही आरसा लागला नाही.

वर्धापनदिनाला सकाळीच चादर अंगणात दोरीवर चिमटे लावून टांगली, रस्त्याकडे तोंड करून. खाली सरावाच्या गाद्या, समोर आईवडिलांच्या खुर्च्या, खास पाहुण्यांसाठी एक बाकडं. गणवेशांना इस्त्री, केसांना तेल. तोफेचं भाषण इतकं पाठ होतं की तिने ते दात घासतानाही म्हटलं होतं.

मोठे सर आले. पांढरी दाढी, खांदे दाराच्या चौकटीएवढे, मागे त्यांची पोरं ओळीने. त्यांच्या खांद्यावर चामड्याची एक जुनी पिशवी होती, ठिगळं लावलेली. गोदामाच्या दारात उभ्या असलेल्या सरांनी ती लांबूनच ओळखली. वाळूची पिशवी! मोठे सर ती परत करायला आले होते.

फाटकातून आत पाऊल टाकताना त्यांनी मान वर केली, आणि चादर पाहिली.

त्यांचं पाऊल हवेतच राहिलं. दाढी जरा हलली. त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवून मागच्या मुलाच्या हातात दिली, तो बिचारा तिच्यासकट खाली बसला. मग मोठ्या सरांनी चपला काढल्या, अंगातलं जाकीट काढलं, आणि कमरेचा पट्टा सोडून पुन्हा करकचून बांधला.

पाहुण्यांची अशीच पद्धत असेल, असं तोफेला वाटलं. काय हा साधेपणा! ती तरातरा पुढे गेली आणि तोफ डागली. भाषणाची सुरुवातच मुळी चादरीकडे हात करून होती. तिने सांगितलं, की या चिन्हाचा जो अर्थ आहे तो आमच्या क्लबातलं लहानात लहान पोरही मनापासून मानतं. पुढे म्हणाली, आमच्या सरांच्या मनात हे कितीतरी वर्षांपासून होतं, आज ते उघडपणे सांगतायत. मोठ्या सरांच्या मागची पोरं चुळबुळली. तोफेला वाटलं, भाषण रंगतंय. मग तिने शेवटचं वाक्य, जे तिने स्वतःच्या डोक्याने घातलं होतं, ते मोठ्या सरांच्या डोळ्यांत डोळे घालून म्हटलं.

"आणि हे आम्ही मुद्दाम इतकं मोठं काढलंय, म्हणजे तुम्हांला ते रस्त्यावरूनच दिसावं."

आईवडिलांनी टाळ्या वाजवल्या. मोठे सर गादीच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"दिसलं," ते म्हणाले. "बोलवा तुमच्या सरांना."

तेवढ्यात कोणीतरी तोफेची बाही ओढली. खाली पेन्सिल होती. तिने काही न बोलता आपली सलामी वर धरली, मग बोटाने चादर दाखवली. तोफेने पेन्सिलच्या हातांकडे पाहिलं. चादरीकडे पाहिलं. आपली स्वतःची सलामी करून पाहिली आणि पुन्हा चादरीकडे पाहिलं. डबलबेडच्या आकाराची डावी मूठ, आणि तिच्यावर उजवा पंजा. तिला आरसा आठवला. मग सरांची मिशी आठवली. मग आपण आत्ता काय काय बोललो ते एकेक वाक्य आठवायला लागलं.

पण तोफ हात चोळत बसणारी नव्हती. तिला आईचं बोलणं आठवलं, आरपार दिसतं! तिने स्टूल ओढलं, चिमटे सोडले, चादर फिरवून मागची बाजू पुढे केली आणि चिमटे परत लावले. रंग खरंच मागे स्वच्छ उमटला होता. उजवी मूठ, डावा पंजा. मान राखणारी, सज्जन, निर्दोष सलामी!

फक्त क्लबाचं नाव आता उलटं झालं होतं. पहिल्या रांगेतले एक काका ते वाचायला मान वाकडी करता करता खुर्चीसकट कलंडले.

तोफेने मोठ्या सरांना आरसा, चादर, मिशी, सगळं एका दमात सांगितलं. मोठ्या सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. सगळं खरं असेल, म्हणाले, पण आव्हान दिलं गेलं आणि मी पट्टा बांधला. आमच्या गुरूंच्या नियमात आरशाचं कलम नव्हतं.

दारातून सर बाहेर आले. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, पट्टा आवळला आणि पायरी उतरताना दुखरा गुडघा हाताने धरला. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण तो गुडघा तोफेला दिसला. इतक्या वर्षांनी एक माणूस पिशवी परत करायला आला, आणि आता हे दोघे म्हातारे एका चादरीपायी एकमेकांना आपटणार! छोट्यांचा वर्ग तर गेल्यातच जमा होता. पण हे होऊ द्यायचं नाही, हे तिचं क्षणात ठरलं. ती गादीवर चढली आणि सरांच्या पुढे उभी राहिली.

"चादर मी रंगवली आहे. आव्हान माझं आहे. मी उभी राहते."

खुर्चीतून आई अर्धी उठली. सर म्हणाले, बाजूला हो. तोफ हलली नाही. मोठ्या सरांनी तिला नखशिखांत पाहिलं. नियमाला धरून आहे, म्हणाले.

त्यांनी सलामी दिली. उजवी मूठ, डावा पंजा. तोफ समोर उभी, आणि वर्षभराची सवय! समोरच्याचं आरशासारखं करायचं. तिने डावी मूठ केली आणि वर उजवा पंजा ठेवला.

"ताई!" पेन्सिल ओरडली.

"परत?" मोठे सर म्हणाले.

पुढच्याच क्षणी तोफ आभाळ बघत होती. लागलं काहीच नाही, मोठ्या सरांनी तिला पापड ठेवावा इतकं अलगद गादीवर ठेवलं होतं. कसं, ते मात्र कळलं नाही. ती उठली. सलामी दिली, यावेळी नीट. पुन्हा आभाळ. पुन्हा उठली. एकदा तिने पायाला विळखा घालून पाहिलं, तर मोठे सर तिच्यासकट चालत गादीच्या टोकापर्यंत गेले आणि पायातला मोजा झटकावा तसं तिला झटकलं. ती उठली. एकदा पोटातून तोफेसारखी ओरडली, चष्मेवाला धावत आला, आणि तो येईपर्यंत ती आडवी झालेली होती. ती पुन्हा उठली. केसांची वेणी सुटली, पट्टा पाठीमागे गेला. आई बोटांच्या फटीतून बघत होती. पेन्सिल दर वेळी 'ऊठ ताई' म्हणायची, आणि हळूहळू मोठ्या सरांची पोरंही तेच म्हणायला लागली.

शेवटी मोठे सरच थांबले. दोन्ही हात गुडघ्यांवर, दाढीतून घाम गळतोय. तोफ डुलत डुलत उभीच होती.

"पाणी," मोठे सर म्हणाले. "ही पोरगी उठायची थांबत नाही."

ते जाऊन बाकड्यावर बसले. बाकडं एकच होतं, आणि सरांचाही गुडघा दुखत होता. सर दुसऱ्या टोकाला बसले. सरांनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"घे, दादा."

मोठे सर घटाघटा प्यायले. तोंड पुसलं. मग उलट्या नावाच्या चादरीकडे पाहिलं.

"हिला कोणी शिकवलं?"

"मी."

"वाटलंच. उलटं शिकवलंयस."

सरांच्या मिशीचं एक टोक हललं. मग दाढी हलली. आणि मग दोघे म्हातारे असे हसले, की बाकडं करकरलं आणि मोठ्या सरांना ठसका लागला, तेव्हा सरांनी त्यांच्या पाठीत जो गुद्दा घातला त्यात इतक्या वर्षांचा सगळा हिशोब मिटला असावा. पिशवी सांभाळणाऱ्या मुलाला कोणीतरी तिच्याखालून ओढून काढलं, आणि पिशवी त्याच संध्याकाळी गोदामाच्या तुळईला टांगली गेली.

घरी जाताना तोफेने आईला सांगून टाकलं, की वर्ग आपल्याला काही मिळणार नाही. आईने तिच्या केसांत अडकलेला चिमटा काढला आणि एवढंच म्हणाली, "हातच्या कांकणाला आरसा कशाला असं माझी आई सांगायची. तू तर छातीवरच्या चिन्हाला आरसा लावलास."

पण सरांनी दुसऱ्याच दिवशी तिला बोलावून घेतलं. अर्थ सांगताना तू सगळा घोळ घातलास, म्हणाले. पण मान राखणं म्हणजे काय ते गादीवर सांगितलंस. सोमवारपासून छोट्यांचा वर्ग तुझा.

सोमवार! तोफ अर्धा तास आधीच हजर! गणवेश कडक, वेणी घट्ट, पट्ट्याची दोन्ही टोकं अगदी बरोबरीची. समोर छोट्यांची रांग, टोकाला पेन्सिल. आणि मधोमध नव्याने आलेली एक मुलगी, खालमानेने उभी, नाव विचारलं तर ओठ हलले आणि आवाज आलाच नाही. तोफेला तिला बघून जो काही आनंद झाला! तिने छाती भरून श्वास घेतला, आणि मोठ्यांदा, स्पष्ट सांगितलं, की मी जे करीन ते सगळ्यांनी आरशासारखं करायचं. मग तिने सलामी दिली. उजवी मूठ, डावा पंजा. अचूक.

अख्ख्या रांगेने तिच्याकडे बघत, आरशासारखी, डावी मूठ केली आणि तिच्यावर उजवा पंजा ठेवला.

तोफेचे हात सलामीतच वर राहिले. दारात सर मिशी विंचरायचं थांबवून उभे होते. आणि रांगेच्या मधून, आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, त्या नव्या मुलीने विचारलं,

"ताई, मग आता आम्ही सगळ्यांनी मिळून तुम्हांला मारायचं का?"